फुगडीची पकड : आई-लेकींसाठी झिम्मा-फुगडीचा गट कसा चालवावा

फुगडी घालताना दोघींनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं आणि त्याच वेळी एकमेकींपासून लांब रेलायचं असतं. यातलं एक जरी कमी पडलं तरी फुगडी फिरत नाही. आई आणि वयात येणारी लेक यांच्यात घरी रोज हेच चाललेलं असतं, फक्त तिथे ते शब्दांनी होतं आणि शब्द लागतात. मंगळागौरीच्या खेळांत तेच हातापायांनी करता येतं. म्हणून आई-लेकींचा गट जमवायचा असेल तर व्याख्यान किंवा 'मनमोकळा संवाद' ठेवण्याऐवजी झिम्मा-फुगडी ठेवा. बोलणं मागाहून येतं, आणि आलं नाही तरी बिघडत नाही.

खाली सहा आठवड्यांची आखणी आहे, आठवड्यातून एकदा दीड तास. आषाढात सुरुवात केली तर शेवटची बैठक श्रावणातल्या मंगळवारी येते आणि मंगळागौरीच्या जागरणाला सगळ्याजणी तयार असतात. पण श्रावण गाठलाच पाहिजे असं नाही. नवरात्रातल्या भोंडल्याआधीही हेच चालतं.

कोणाला घ्यायचं

आठ जोड्या म्हणजे सोळाजणी, ही चांगली संख्या. सहा जोड्यांपेक्षा कमी झाल्या तर फेरात आवाज भरत नाही आणि लाजऱ्या मुली उघड्या पडतात. दहाच्या वर गेल्या तर एका बाईला सगळ्यांच्या पकडीवर लक्ष ठेवता येत नाही. मुली दहा वर्षांच्या पुढच्या असाव्यात. वरची मर्यादा नको. पंचेचाळिशीची लेक आणि सत्तरीची आई ही जोडी गटाला फार बळ देते.

मंगळागौरीची पूजा नव्या लग्न झालेल्या सवाष्णींची असते. हा गट खेळांचा आहे, पूजेचा नाही, हे निमंत्रणातच स्वच्छ लिहा. नाहीतर विधवा, घटस्फोटित आणि एकट्या आया 'आपल्याला कोण बोलावणार' म्हणून येतच नाहीत, आणि त्यांच्या मुलीही येत नाहीत. जिची आई नाही किंवा गावी आहे, तिने मावशी, काकू, आजी, शेजारच्या काकी, जिच्याशी जमतं तिला आणावं. अशा मुलीला आयत्या वेळी 'तू हिच्याबरोबर उभी राहा' असं करू नका. जोडी आधी ठरवून घ्या.

गरोदर बाई, चक्कर येण्याचा त्रास असलेली, रक्तदाब ताब्यात नसलेली, खांदा निखळण्याचा पूर्वेतिहास असलेली बाई फुगडीत नको. पण ती फेरात, गाण्यात, टाळीत राहू शकते. गाणं पुढे म्हणणारी हवीच असते, आणि ते काम दुय्यम नाही.

जागा, कपडे, वेळ

सोळाजणींनी हात धरून फेर केला की प्रत्येकीला सुमारे तीन फूट लागतात. फेराचा व्यास पंधरा-सोळा फूट होतो. बाहेर वळायला चार-चार फूट धरले तर चोवीस फूट लांब-रुंद मोकळी जागा पाहिजे. सोसायटीचा हॉल किंवा देवळाचा सभामंडप पुरतो. गच्ची पावसाळ्यात टाळा. शेवाळावर फुगडी म्हणजे मनगट मोडण्याची हमी.

गुळगुळीत फरशीवर सतरंजी घालू नका, तीच सरकते. उघडी फरशी कोरडी पुसा आणि अनवाणी खेळा. मोजे अजिबात नकोत. पाचवारी नेसली असेल तर पदर कमरेला खोचायचा. नौवारीत पाय मोकळे राहतात म्हणून ती सोयीची, पण तिची सक्ती केली की मुली पहिल्याच आठवड्यात 'ड्रेसअप' म्हणून कंटाळतात. सलवार-कुर्ता उत्तम, ओढणी बाजूला ठेवून. काचेच्या बांगड्या, अंगठ्या आणि घड्याळ काढून एका डब्यात ठेवायचं. मनगटाच्या पकडीत काचेची बांगडी फुटली तर ती दोघींच्याही हातात घुसते. ज्यांना हात ओकेबोके ठेवणं मनाला लागतं त्यांनी सोन्याची किंवा धातूची एक घट्ट बांगडी कोपराकडे सरकवून ठेवावी.

जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. संध्याकाळी साडेपाच ते सात ही वेळ बरी.

फोन सगळ्यांचे एका पिशवीत. पहिले पाच आठवडे व्हिडिओ नाही, एकही नाही. कॅमेरा दिसला की चौदा वर्षांची मुलगी आईचा हात सोडते, आणि आई कॅमेऱ्याकडे बघून हसायला लागते. दोघींचं एकमेकींकडे बघणं तिथेच थांबतं.

फेर आणि झिम्मा : पहिले दोन आठवडे

आधी आठ-दहा मिनिटं घोटे, गुडघे, मनगटं, खांदे फिरवून घ्या. मग फेर. दिशा प्रदक्षिणेची, म्हणजे उजवा खांदा मध्याकडे. आईच्या शेजारी तिचीच लेक नको. आई, दुसरीची लेक, तिसरी आई, असं मिसळून उभं करा. पहिल्या दिवशी स्वतःच्या आईचा हात धरायला मुली बुजतात, पण मैत्रिणीच्या आईचा हात सहज धरतात. आणि आपली आई दुसऱ्या मुलीशी कशी हसतेय हे लेकीला फेराच्या पलीकडून दिसतं. हे दिसणं महत्त्वाचं आहे. घरात आई कायम जवळून दिसते, पंधरा फुटांवरून कधी दिसत नाही.

झिम्म्यात आता जोड्या समोरासमोर आणा. शिकवायला सोपी चाल अशी : आपली टाळी, समोरचीच्या उजव्या तळव्यावर उजवा तळवा, आपली टाळी, डाव्यावर डावा, आपली टाळी, दोन्ही हातांनी समोरचीच्या दोन्ही तळव्यांवर, मग स्वतःभोवती एक गिरकी. मिनिटाला साठ-सत्तर टाळ्यांनी सुरू करा. पाठ झाल्यावर वेग वाढवा, पण वेग कोणी वाढवायचा हे ठरलेलं असू द्या : पहिल्या फेरीत आईने, दुसऱ्यात लेकीने.

इथे एक चूक हमखास होते. लेकीच्या पाळीत आई आपोआप मोजायला लागते, 'एक, दोन, आता डावा', आणि लेकीची लय मोडते. मोजणाऱ्या आईला थांबवायला तोंडाने सांगू नका. तिला गाण्याचं धृपद म्हणायला द्या. तोंड गाण्यात गुंतलं की सूचना थांबतात. उलट, मुलगी मुद्दाम इतका वेग वाढवते की आई चुकावी. एकदा चालतं, तीनदा झालं तर तो खेळ राहत नाही. तेव्हा नियम आणा : जी चुकेल तिच्यासाठी दुसरीने वेग निम्मा करायचा आणि तिला परत आत घ्यायचं.

फुगडी : तिसरा आणि चौथा आठवडा

फिरण्याआधी नुसता तोल. समोरासमोर उभ्या राहा, चवडे एकमेकींना जवळजवळ टेकतील इतक्या जवळ. हात फुलीसारखे : उजव्या हातात उजवा, डाव्या हातात डावा. बोटं अडकवू नका. एकमेकींचं मनगट धरा, म्हणजे घाम आला तरी हात निसटत नाही. हाताला पावडर किंवा क्रीम नको, दोन्ही निसरडी. कोरडा पंचा जवळ ठेवा.

आता कोपरं सरळ करत हळूहळू मागे रेला. टाचेपासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत तिरकं झालं पाहिजे. खुर्चीवर बसल्यासारखी कंबर मागे काढली तर वजन पाठीवर येतं आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते. रेलून वीस आकडे मोजा, जागेवरून न हलता.

या वीस आकड्यांत सगळं कळतं. बहुतेक आयांची कोपरं सातव्या-आठव्या आकड्याला वाकतात. लेक पडेल या भीतीने आई तिला आपल्याकडे ओढते. ओढलं की लेकीचा तोल पुढे येतो, ती अडखळते, आणि आईला वाटतं, बघा, धरलं म्हणून वाचली. प्रत्यक्षात धरलेलं पुरेसं होतं, ओढल्याने ती हलली. हे आईला समजावून सांगण्यात वेळ घालवू नका. दोघींना तेच पुन्हा करायला लावा, या वेळी आईने डोळे मिटून. डोळे मिटल्यावर लेकीच्या वजनाचा अंदाज फक्त हातांतून येतो आणि कोपरं सैल सरळ राहतात. लेकींची चूक उलटी असते : त्या रेलतच नाहीत. पाय घट्ट रोवून उभ्या राहतात आणि हात नावाला धरतात. अशा मुलीला सांगा, 'आईच्या हातावर तुझी दप्तराची पिशवी अडकवलीय असं समज.' वजन देणं तिला पिशवीच्या रूपात जमतं.

आई सत्तर किलोची आणि लेक पस्तीस किलोची असेल तर दोघींनी सारखं रेलून चालत नाही. जड बाजूने कमी रेलायचं आणि मध्याच्या जवळ राहायचं, हलक्या बाजूने जास्त रेलायचं. फिरताना मध्य जड बाजूकडे सरकतो, त्यामुळे लेकीचं वर्तुळ मोठं आणि आईचं लहान होतं.

तोल जमला की फिरणं सोपं. दोघींचे उजवे पाय मध्यात, शेजारी शेजारी, जागच्या जागी फिरतात. डाव्या पायाने जमीन ढकलायची, छोट्या छोट्या पावलांनी. उड्या नकोत. नजर समोरचीच्या डोळ्यांवर किंवा कपाळावर. पायांकडे किंवा भिंतीकडे पाहिलं की लगेच गरगरतं, कारण भिंत फिरते, समोरचा चेहरा स्थिर राहतो. पहिल्या दिवशी आठ फेऱ्या पुरे, मग बारा, मग वीस. एका वेळी चारच जोड्या सोडा, दोन जोड्यांत आठ फुटांचं अंतर ठेवून. बाकीच्या टाळ्या देतील.

'बास' हा शब्द पवित्र. जी म्हणेल तिच्यासाठी दुसरीने लगेच वेग कमी करायचा, 'अजून एकच' नाही. थांबताना हात सोडायचे नाहीत. पावलं मंद करत, कोपरं हळूहळू वाकवत जवळ या आणि जमीन स्थिर होईपर्यंत एकमेकींना धरून उभ्या राहा. अंग थांबलं तरी कानाच्या आतला द्रव काही सेकंद फिरत राहतो, म्हणून लगेच सोडलं की माणूस बाजूला कोलमडतो. कित्येक जोड्यांत आई आणि वाढलेली लेक वर्षानुवर्षांनी इतक्या जवळ उभ्या असतात. त्या वेळी गटात कोणीही टाळ्या वाजवू नयेत, 'अय्या किती गोड' म्हणू नये.

गुडघेदुखी असेल तर बसफुगडी टाळा. ती उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकत करायची असते, आणि गुडघ्यावरचा भार मोठा असतो. वयस्कर आयांसाठी दंडफुगडी बरी. त्यात एकमेकींचे दंड धरून सावकाश फिरतात. धाकटी पाच-सहा वर्षांची बहीण सोबत आलीच तर तिला हाताला धरून उचलून फिरवू नका. लहान मुलांच्या कोपराचा सांधा अशा ओढीने सहज सरकतो. तिला सूप द्या आणि सूप नाचवायला लावा.

गाणी कोणती, आणि जुन्या गाण्यांत काय नाही

पारंपरिक गाण्यांत सासू, नणंद, जाऊ, दीर सगळे हजर असतात. आई बहुतेक दूर माहेरी असते. तिची आठवण आहे, तिच्याकडे जाण्याची परवानगी मागणं आहे, पण तिच्याशी भांडण नाही. कारण उघड आहे. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय किमान 14 ठरवलं, त्याआधी आठ-दहा वर्षांची पोर सासरी जायची. आईशी भांडायचं वय येण्याआधीच आई सुटलेली असायची. आजची लेक वीस-पंचवीस वर्षं आईजवळ राहते. तिच्या कुरबुरीला जुन्या गाण्यात जागा नाही, पण जुन्या खेळाच्या रचनेत आहे.

त्यासाठी सासू-सुनेच्या भांडणाचा खेळ घ्या आणि पात्रं बदला. उभं राहणं गोव्यातल्या धालोसारखं ठेवा. तिथे पौषात रात्री मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या मोकळ्या जागी, बायका समोरासमोर दोन ओळींत उभ्या राहतात आणि गात, वाकत पुढे-मागे जातात. एका ओळीत आया, दुसरीत लेकी, एकमेकींच्या कमरेत हात. चार पावलं पुढे येत एक ओळ म्हणायची, चार पावलं मागे. मग समोरची ओळ.

नियम एकच, पण तो कडक पाळा : तक्रार वस्तूची किंवा कृतीची, स्वभावाची नाही. 'ओला टॉवेल गादीवर टाकते' चालेल, 'आळशी आहे' चालणार नाही. 'दार न वाजवता खोलीत येते' चालेल, 'विश्वासच नाही' चालणार नाही. ओल्या टॉवेलावर सगळी ओळ हसते आणि लेकीलाही हसू येतं. 'आळशी' म्हटलं की तिचा चेहरा पडतो आणि खेळ संपतो. ओळी आधीच्या आठवड्यात चिठ्ठ्यांवर, नाव न घालता लिहून घ्या. अनोळखी हस्ताक्षरातली तक्रार पूर्ण ओळीने एकत्र म्हटली की ती कुणा एकीची राहत नाही.

पाचव्या आठवड्यात ओळींची अदलाबदल करा. आया लेकींच्या तक्रारी म्हणतील, लेकी आयांच्या. इथे कोणी नक्कल करायला लागली, आईचा चिरका आवाज काढायला लागली, तर लगेच गाणं बदला. आवाज आपला, शब्द तिचे, एवढंच करायचं आहे.

याच बैठकीत नाव घेणं ठेवा. नवऱ्याऐवजी आईचं आणि लेकीचं. सुरुवात जमत नसेल तर नमुना द्या : 'डब्यात दिली पोळी-भाजी, वर लिंबाची फोड, अमकीचा राग तिखट, पण हात मात्र गोड.' किंवा आईने : 'सातला हाक मारली, नऊला उघडले डोळे, अमकीच्या एका हसण्यापुढे माझे रागावणे भोळे.' लेकीच्या तोंडी आईचं नाव एकेरीत येतं तेव्हा दोघी क्षणभर चमकतात. ते होऊ द्या. आजी असेल तर तिला जात्यावरची ओवी म्हणायला सांगा. लेकीवरच्या ओव्या तिला बहुधा येतातच. खेळांच्या गाण्यांसाठी सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे काढलेले संग्रह जुन्या ग्रंथालयांत मिळतात, पण चाल मात्र गटातल्या म्हाताऱ्या बायकांकडूनच घ्या. परदेशातल्या मराठी मंडळांत मुलींना देवनागरी वाचता येत नसेल तर शब्द कागदावर देऊ नका, कानाने शिकवा. कागद हातात आला की हात धरता येत नाहीत.

खेळानंतरची पंधरा मिनिटं

सगळ्याजणी बसून पाणी प्यायल्यावर एकच प्रश्न विचारा, आणि तो अंगाबद्दलचा असू द्या : पकड कुणाची घट्ट होती? आधी 'बास' कुणी म्हटलं? डोळे मिटल्यावर हात कसा लागला? 'तुम्हाला काय वाटलं' असं विचारलं की आया भाषण करतात आणि मुली 'छान' म्हणून गप्प होतात. प्रत्येकीने दोन वाक्यं, आधी लेकीने. उत्तराचा अर्थ लावायचा नाही. 'म्हणजे घरीही तू तिला मोकळीक देत नाहीस' असं गट चालवणारी म्हणाली, तर ती जोडी पुढच्या आठवड्यात येणार नाही, आणि तिचं न येणं बरोबरच असेल.

इथलं इथेच ठेवायचं, हेही दर वेळी सांगा. घरी गेल्यावर 'तिथे तर मोठी गात होतीस' असा टोमणा मारला की सहा आठवडे वाया जातात.

कधी एखादी मुलगी किंवा आई मारहाणीसारखं काही बोलून जाते. ते फेरात पुढे नेऊ नका. खेळ सुरू ठेवून तिला बाजूला घेऊन शांतपणे बसा. मुलांसाठी 1098 आणि महिलांसाठी 181 हे मदतीचे क्रमांक पाठ असू द्या.

खिरापत

भोंडल्यातली खिरापत ओळखायची पद्धत इथेही ठेवा. गोड की तिखट, कोरडी की ओली, करत करत डब्यापर्यंत पोचायचं. सोळाजणींना वाटली डाळ करायची तर अर्धा किलो हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवली की पुरते. दर आठवड्याला एका जोडीची पाळी, पण एक अट घाला : आठवडा लेकीचा असेल तर तिने आईला आवडणारा पदार्थ करायचा, न विचारता. पुष्कळ मुलींना घरात सगळ्यांना काय आवडतं ते माहीत असतं, आईला काय आवडतं ते नसतं, कारण आई उरलेलं खाते. ती चुकेल. चुकलेला पदार्थही सगळ्यांनी खायचा.

सहावा आठवडा

आता व्हिडिओला परवानगी मागा, दोघींकडूनही. एकीनेही नको म्हटलं तर नाही. बाहेरून स्पर्धेचं निमंत्रण आलं तर हा गट तिकडे पाठवू नका. स्पर्धेत चपळ, सडपातळ, एका साच्यातल्या बायका निवडाव्या लागतात, आणि मग ज्यांच्यासाठी गट काढला त्या गुडघे दुखणाऱ्या आया कडेला बसतात.

शेवटच्या बैठकीत नवीन काही शिकवू नका. फेर, झिम्मा, फुगडी, दोन ओळींचं भांडण, नाव घेणं, पुन्हा फेर. शेवटच्या फेरात मात्र आईशेजारी तिची लेक उभी करा. बांगड्यांचा डबा लेकींच्या हातात द्या आणि आपापल्या आईच्या बांगड्या शोधून त्यांनीच चढवायला सांगा. काचेची बांगडी चढवताना अंगठा तळहातात दुमडून हात सैल सोडायचा असतो. आईने हात ताठ धरला तर बांगडी फुटते.